दोन माणसं, एक खोली, एक कॅमेरा: शॉट डिव्हिजन कसं करावं?

पहिली_क्लॅप

नमस्कार मंडळी. लाँग, मिड, क्लोज (दूरचा, मधला, जवळचा शॉट), पॅन (कॅमेरा आडवा फिरवणं), टिल्ट (वर-खाली फिरवणं) ही नावं पाठ आहेत, पण शॉट डिव्हिजन, म्हणजे सीन कुठल्या शॉटमध्ये तोडायचा आणि प्रत्यक्ष खोलीत कॅमेरा नेमका कुठे ठेवायचा, हे ठरत नाहीये.

सीन असा: दुपारची वेळ, आई आणि तिशीतला मुलगा जमिनीवर समोरासमोर बसून जेवतायत. मुलगा नोकरी सोडल्याचं सांगतो. आई काहीच बोलत नाही, भाकरी वाढते. मुलगा उठून खिडकीशी जातो आणि उरलेलं तिथून बोलतो. एकूण दीड पान संवाद.

खोली १० बाय १२ फूट. खिडकी १० फुटी भिंतीत, आईच्या पाठीमागे. दार १२ फुटी भिंतीच्या मधोमध, बाहेर पॅसेज. सामान म्हणजे एपीएस-सी सेन्सरचा मिररलेस कॅमेरा, १८-५५ किट लेन्स, ५० एमएम एफ १.८ आणि साधा व्हिडिओ ट्रायपॉड. गिम्बल (चालतानाही कॅमेरा स्थिर ठेवणारं मोटरचं हँडल) भाड्याने मिळेल. शूटला एकच दिवस.

सुरुवात कुठून करू? लो अँगल, हाय अँगल कुठे वापरावा? आणि आमच्यातला एक जण म्हणतोय की सगळा सीन गिम्बलवर एका टेकमध्ये उरकून टाकू. जमेल का?

फूटपट्टी

शॉटचं नाव नंतर, आधी टेप घ्या. एवढ्याशा खोलीत कुठला शॉट मिळेल हे भिंतीच ठरवतात.

हिशोब सोपा आहे. फ्रेमची रुंदी = अंतर × २३.५ ÷ फोकल लेंथ. २३.५ ही तुमच्या सेन्सरची मिलिमीटरमधली रुंदी. कॅमेरा कॅननचा असेल तर २२.३ धरा. रुंदीला ९ ने गुणून १६ ने भागलं की फ्रेमची उंची. अंतर फुटात घातलं की उत्तरही फुटात येतं. काही कॅमेरे ४के मोडमध्ये सेन्सरच्या कडा कापतात, ते आधी तपासून घ्या, नाहीतर कागदावरचं सगळं गणित फुकट.

आता तुमची खोली. आईला खिडकीच्या भिंतीपासून ४ फुटांवर बसवा, मुलाला तिच्यासमोर ४ फुटांवर, म्हणजे त्याच्याही मागे ४ फूट उरतात. दोघांना दारासमोरच्या भिंतीपासून ३ फूट पुढे ओढा. भिंतीला टेकून बसवलं की सावली भिंतीवर पडते आणि फ्रेम सपाट दिसते.

मास्टर, म्हणजे दोघांना एकाच फ्रेममध्ये घेऊन अख्खा सीन: ट्रायपॉड खोलीत लावला तर लेन्स आणि माणसं यांत जेमतेम साडेपाच फूट मिळतात. १८ एमएमवर सव्वासात फूट रुंदी येईल, म्हणजे दोघं मावतील, पण कडेला बसलेल्यांचे गुडघे ताणल्यासारखे दिसतील. त्यापेक्षा ट्रायपॉड दारातच लावा. अंतर ८ फूट झालं की २४ एमएमवर पावणेआठ फूट रुंदी मिळते. चौकटीची कड थोडी फ्रेममध्ये आली तरी बिघडत नाही, उलट बाहेरून कुणीतरी बघतंय असा भास होतो आणि तो या सीनला चालतो.

सजेशन, म्हणजे एकाच्या खांद्यावरून दुसरा: लेन्स पाठमोऱ्या माणसाच्या मागे अडीच फूट, म्हणजे समोरच्या चेहऱ्यापासून साडेसहा फूट. किट लेन्स ३५ वर ठेवा. फ्रेमची उंची सुमारे अडीच फूट, म्हणजे छातीपासून वर. खांदा फ्रेमच्या चौथ्या भागापेक्षा जास्त जागा खाऊ लागला तर कॅमेरा जरासा बाहेर सरकवा.

क्लोज: ५० एमएम, साडेपाच फुटांवरून. फ्रेमची उंची दीड फुटाला थोडी कमी. इथे समोरचा नट कॅमेऱ्याच्या वाटेत येतो, त्याला उठवून लेन्सला अगदी चिकटून बसवा. उठवला म्हणजे चहाला सोडला असं नाही. त्याच्याकडे बघूनच समोरचा बोलणार आहे.

१८ एमएम तोंडाजवळ नेऊन क्लोज घेऊ नका. नाक मोठं, कान मागे गेलेले दिसतात. याचा दोष लोक लेन्सला देतात, पण खरं कारण अंतर आहे. दीड-दोन फुटांवरून कुठल्याही लेन्सने चेहरा तसाच दिसेल.

आणि ५० एमएम आहे म्हणून एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं तोंड पूर्ण उघडून, शूट करायचा मोह आवरा. साडेपाच फुटांवर फोकसमध्ये राहणारी जाडी जेमतेम ८ सेंटिमीटर. आई ताटावर वाकली की गेली फोकसबाहेर. एफ ४ ला तीच जाडी १८ सेंटिमीटरच्या आसपास होते. पार्श्वभूमी तरीही पुरेशी मऊ राहते.

डावा_लुक

वरच्या प्रतिसादातलं मोजमाप पक्कं आहे. मी लाईनबद्दल लिहितो, कारण एडिट टेबलवर सगळ्यात जास्त रडारड तिथेच होते.

आईच्या डोळ्यांपासून मुलाच्या डोळ्यांपर्यंत एक रेघ धरा. सगळे कॅमेरे या रेघेच्या दाराकडच्या बाजूला. पलीकडे एकही नाही. समजा दारातून बघताना आई डावीकडे, मुलगा उजवीकडे. मग आईचा लुक, म्हणजे नजरेची दिशा, प्रत्येक शॉटमध्ये उजवीकडे हवा, मुलाचा डावीकडे. सजेशन घेतानाही हेच: मुलाच्या मागून आईवर जाताना कॅमेरा त्याच्या दाराकडच्या खांद्यावरून, आणि आईच्या मागून मुलावर येतानाही तिच्या दाराकडच्याच खांद्यावरून. भिंतीकडच्या खांद्यावर गेलात की दोघंही एकाच दिशेला बघतायत असं दिसणार. मग प्रेक्षकाला वाटतं की दोघं शेजारी बसून तिसऱ्याच कुणाशी बोलतायत.

शॉट लिस्टमध्ये प्रत्येक शॉटसमोर 'लुक उ' किंवा 'लुक डा' एवढंच लिहा. सेटवर गडबडीत हाच एक शब्द वाचवतो.

लुक लेन्सच्या जितका जवळ, तितका प्रेक्षक त्या माणसाच्या जवळ. सजेशनमध्ये नजर थोडी लांब असली तरी चालते. क्लोजमध्ये समोरच्याचं डोकं लेन्सपासून वीतभर अंतरावर हवं. दोघांच्या क्लोजला लेन्स, अंतर आणि उंची तीच ठेवा. आईचा ५० वर आणि मुलाचा ३५ वर घेतलात तर कट बसेल, पण एकाचं पारडं विनाकारण जड होईल. मुद्दाम करायचं असेल तर करा. मग ते पूर्ण सीनभर आईच्याच बाजूने करा.

एकाच माणसाच्या दोन शॉटमध्ये कट मारायचा असेल तर कॅमेऱ्याची जागा निदान ३० अंश बदललेली हवी, किंवा आकारात ठळक फरक हवा. मिडवरून सरळ पुढे जाऊन क्लोज चालतो. मिडवरून थोडासाच घट्ट मिड घेतला तर डोकं टुणकन उडाल्यासारखं दिसतं.

फ्रेम कापताना सांध्यावर कापू नका. मान, कोपर, मनगट, गुडघा, या जागा टाळून थोडं वर किंवा खाली. माणूस ज्या बाजूला बघतोय तिकडे जागा जास्त सोडा. बाकी कंपोझिशनचे नियम पुस्तकात आहेतच.

हाय_हॅट

अँगलचा मुद्दा राहिला. लो आणि हाय याला अर्थ तेव्हाच, जेव्हा 'सरळ' म्हणजे काय ते आधी ठरलेलं असतं. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे साधारण अडीच फुटांवर असतात. उभं राहून, ट्रायपॉड छातीपर्यंत ओढून शूट केलं की सगळा सीन आपोआप हाय अँगल होतो. दोघंही बिचारे दिसतात, आणि ते कुणी ठरवलेलंच नसतं. घरगुती लघुफिल्ममध्ये दहापैकी आठ वेळा हाच घोळ.

मधल्या स्प्रेडरच्या (पाय मध्यावर जोडणाऱ्या दांड्यांच्या) ट्रायपॉडची सगळ्यात खालची उंची अडीच फुटांच्या आसपासच असते, म्हणजे नजरेच्या पातळीला जेमतेम पुरते. त्याखाली जायचं तर हाय-हॅट, म्हणजे जमिनीलगतचा बुटका स्टँड, लागतो. तो नसेल तर पाटावर दोनेक किलो तांदळाची पिशवी ठेवून त्यात कॅमेरा खोचा. पिशवी गच्च भरलेली नको, तांदूळ सरकायला जागा हवी. हा जुगाड अजिबात कमअस्सल नाही. फक्त पॅन होत नाही.

जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू तर आयुष्यभर चटईवर बसलेल्या माणसांसाठी कॅमेरा नजरेच्याही खाली लावत आला, तोही बहुतेक ५० एमएमवर आणि स्थिर. वर ज्या लाईनबद्दल लिहिलंय ती तो बिनदिक्कत ओलांडायचा. पण त्याची प्रत्येक फ्रेम इतकी मोजून बांधलेली असायची की ते खपून जायचं. एका दिवसाच्या शूटमध्ये नको.

लो अँगल घेण्याआधी छत बघा. पंखा, ट्यूब, वायरिंगची पट्टी, स्टँडवरचा लाईट, सगळं फ्रेममध्ये येतं. ताटाचा टॉप अँगल हवा असेल तर ३५ एमएम, ४ फुटांवरून. पावणेतीन फूट रुंदी मिळते, ताट आणि दोन्ही हात येतात. कॅमेरा आडव्या दांड्याला लावा, दांड्याच्या दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी बांधा आणि कॅमेऱ्याचा पट्टाही वेगळा अडकवा. खाली माणूस बसलेला असतो.

खिडकी आईच्या मागे आहे, त्यामुळे तिचा चेहरा काळा पडणार. पडदा अर्धा ओढा आणि दाराच्या बाजूने, फ्रेमच्या अगदी कडेला, उजेड चेहऱ्यावर परतवायला थर्माकोलची शीट धरा. एक्स्पोजर चेहऱ्यावर लावा. खिडकी थोडी जळली, म्हणजे पांढरीफटक झाली, तर होऊ दे.

ट्रॉलीवाला

हालचालीबद्दल. या सीनमध्ये कॅमेरा हलवायला एकच कारण आहे: मुलगा उठतो. त्याआधी कॅमेरा हलला तर त्याच्या उठण्याची किंमत कमी होते.

गिम्बलवर एका टेकमध्ये घ्यायला हरकत अशी की १० फुटी खोलीत ऑपरेटरला मागे जायला जागाच नाही, आणि दीड पानात आईचं गप्प राहणं दाखवायचंय. एकच टेक म्हटला की ती शांतता कमी-जास्त करायची सोय हातातून गेली. शिवाय खिडकीकडून दाराकडे फिरताना उजेड एवढा बदलतो की एक्स्पोजर मध्येच ओढावं लागेल.

तरीही गिम्बल आणलाच, तर मोटर बंद ठेवून बॅलन्स करा. आधी टिल्ट, मग रोल, शेवटी पॅन. कॅमेरा कुठल्याही कोनात सोडला तरी जागचा हलता कामा नये. लेन्स बदलली की पुन्हा पहिल्यापासून. किट लेन्स झूम केल्यावर पुढे येते, तेवढ्यानेही तोल जातो. आणि चालण्याची खाली-वर उसळी गिम्बल काढत नाही, ती तुमच्या गुडघ्यांनीच शोषायची.

पॅन करताना पाय शेवटच्या फ्रेमकडे रोवा आणि कंबरेतून वळून सुरुवातीच्या फ्रेमला या. पॅन होत जाईल तसं अंग सुटत जातं, शेवट मऊ येतो. उलट केलंत तर शेवटच्या वितीत हात थरथरतो. हँडल हाताने ओढण्याऐवजी त्यात रबरबँड अडकवून तो ओढून बघा, सुरुवातीचा झटका जातो. दोन्ही टोकांना ४-४ सेकंद स्थिर धरा. वेगाचा अंदाज: समोरची वस्तू फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला सुमारे ७ सेकंद. त्याहून वेगात नुसती खोली पॅन केली तर चित्र फडफडतं. माणसाचा पाठलाग करत असाल तर हा हिशोब लागू नाही, नजर माणसावर असते. फार झपाट्याने केलात तर दाराची चौकट तिरकी झुकलेली दिसेल, तो सेन्सर ओळीओळीने वाचला जाण्याचा परिणाम.

ट्रॉली (कॅमेऱ्याची चाकांची गाडी) नसेल तर ट्रायपॉड जाड घोंगडीवर ठेवून ती घोंगडी फरशीवरून ओढा. दीड-दोन फूट पुश, म्हणजे कॅमेरा पुढे सरकणं, सहज मिळतो. फरशीचे सांधे वर आलेले असतील तर खाली प्लायवुड. त्याऐवजी झूम नको. किट लेन्स १८ ला एफ ३.५ आणि ५५ ला एफ ५.६ असते, झूम करताना चित्र काळवंडत जातं. आधीच ५.६ लावून ठेवलं तर ते टळतं, पण फोकस सरकतोच. आणि मुळात झूममध्ये आई आणि मागची खिडकी सारख्याच प्रमाणात मोठ्या होतात. ट्रॉलीत आई जवळ येते, खिडकी जवळजवळ तेवढीच राहते. दोन्हींचा परिणाम एक नाही.

सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५० मध्ये बरोबर दोन लुकलुकी मावतात आणि पट्टे येत नाहीत. खिडकीमुळे चित्र फार उजळ होत असेल तर एनडी फिल्टर (लेन्सवरची उजेड कमी करणारी काच) लावा, शटरला हात लावू नका.

पहिली_क्लॅप

सगळ्यांचे आभार, गिम्बल रद्द. एक अडकलंय. मुलगा उजवीकडे बसलाय आणि खिडकी आईच्या मागे, म्हणजे डावीकडे. तो तिथे गेला की आईचा लुक डावीकडे होणार. मग लाईन मोडली का?

आणि खिडकीशी डॉली झूम (कॅमेरा मागे सरकवत झूम पुढे, म्हणजे माणूस तेवढाच राहतो आणि मागचं बदलतं) घ्यावा असं मनात आहे.

डावा_लुक

लाईन मोडत नाही, लुक उलटतात. खिडकी, आई आणि मुलाची जुनी जागा एकाच रेघेत आहेत, त्यामुळे कॅमेऱ्याने दाराकडची बाजू सोडायची नाही. आता आईचा लुक डावीकडे, मुलाचा उजवीकडे. अट एकच: हे उलटणं प्रेक्षकाने कटशिवाय, डोळ्यांनी बघितलं पाहिजे. 'मुलगा उठला' वरून थेट 'मुलगा खिडकीशी' असा कट मारलात तर तीन सेकंद कुणालाच काही कळणार नाही.

कॅमेरा आईच्या मिडवर, अडीच फूट उंचीवर. मुलगा कॅमेरा आणि आईच्या मधून उजवीकडून डावीकडे जातो. फ्रेममध्ये फक्त त्याचे पाय दिसतात. त्याच्याबरोबर पॅन किंवा टिल्ट करायचा मोह होईल, करू नका. आई आधी मान वर करते, मग तिची नजर उजवीकडून डावीकडे फिरते आणि शेवटी खांदा वळतो. या एका शॉटने भूगोलही कळला आणि सीनही. मुलाचे पाय फ्रेम झाकतात तो क्षण कटलाही सोयीचा, आईचा एक टेक संपवून दुसरा सुरू करायचा तर तिथेच.

पुढे तो उभा, ती बसलेली. त्याच्या शॉटला कॅमेरा साडेतीन फूट उंचीवर ठेवून किंचित वर बघा, तिच्या शॉटला चार फूट उंचीवरून किंचित खाली. थेट जमिनीवरून आणि थेट त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून घेतलंत तर तो राक्षस आणि ती मुंगी होते. तिची नजर मात्र खऱ्या उंचीवर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांकडेच असू दे.

ट्रॉलीवाला

डॉली झूम: अंतर आणि फोकल लेंथ एकाच प्रमाणात बदलावी लागते. १८ वरून ५४ ला जायचं तर ३ फुटांवरून ९ फुटांवर जावं लागेल, तेही फोकस ओढत आणि ट्रॅकवर. १९५८ च्या 'व्हर्टिगो'त तो उंचीच्या भोवळीसाठी आला, पोटात खड्डा पडल्यासारखं वाटावं म्हणून. तुमचा मुलगा निर्णय घेऊन मोकळा झालाय, त्याला भोवळ कशाला? स्थिर मिड, पाठमोरा. बस.

भाकरी_नंबर_३

कुणीच जेवणाबद्दल बोललं नाही! जेवतानाचा सीन कंटिन्युइटीला, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळवायला, सगळ्यात वाईट. मुलाने घास कुठल्या शब्दावर मोडला, कुठल्या हाताने वाटी सरकवली, हे मास्टरच्या वेळीच स्क्रिप्टवर त्या शब्दाखाली लिहा आणि पुढे प्रत्येक सेटअपला (कॅमेऱ्याची जागा बदलली की नवा सेटअप) तेच करायला लावा. आमटीच्या वाटीला आतून दोन खुणांएवढी पातळी ठरवा, भरलेली आणि अर्धी. कट झाला की ताटाचा मोबाइलवर फोटो.

नटांना आधीच सांगा की मास्टरमध्ये घास कमी आणि छोटे घ्या. तिथे हौसेने खाल्लं की सातव्या सेटअपपर्यंत तेच खावं लागतं. भाकऱ्या टेकच्या हिशोबाने, थोड्या जास्तच. तव्यावरची ताजी आणि दोन तासांची वाळलेली मोडताना वेगळी दिसते, आणि आवाजही वेगळा येतो. तोंडात घास असताना संवाद नको, एडिटमध्ये शब्द जुळत नाहीत.

फूटपट्टी

आता क्रम लावून टाकू. सात सेटअप होतात: दारातून मास्टर, आईवर सजेशन, आईचा क्लोज, पाय ओलांडून जाणारा आईचा मिड, मुलावर सजेशन, मुलाचा क्लोज, खिडकीशी मुलगा. ताटाचा टॉप वेळ उरला तर. एका सेटअपला पाऊण तास धरलात तर सव्वापाच तास, जेवणाची सुट्टी वेगळी.

मास्टरनंतर आईच्या दिशेचे तिन्ही आधी संपवा, कारण त्या दिशेला खिडकी दिसते आणि उजेड तुमच्यासाठी थांबणार नाही. मग खिडकीशी मुलगा. त्यानंतर चेंजओव्हर करून, म्हणजे कॅमेरा आणि लाईट उलट दिशेला फिरवून, मुलाच्या दिशेचे दोन. ते संध्याकाळ झाली तरी पडदा ओढून लाईटवर निघतात, फक्त व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. प्रत्येक टेकला संवादाच्या आधी ५ सेकंद आणि नंतर ५ सेकंद कॅमेरा चालू ठेवा. आई गप्प आहे ते सेकंद बहुतेक तिथूनच उचलावे लागतील.